गिर्यारोहणवृत्तातील 'आम्ही' : एव्हरेस्टच्या पहिल्या तीन ब्रिटिश मोहिमांचे ग्रंथ

एव्हरेस्टच्या पहिल्या तीन ब्रिटिश मोहिमा १९२१, १९२२ आणि १९२४ या साली झाल्या आणि प्रत्येक मोहिमेनंतर तिचा अधिकृत ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. 'माउंट एव्हरेस्ट : द रेकनसन्स, १९२१', 'दि असॉल्ट ऑन माउंट एव्हरेस्ट, १९२२' आणि 'द फाइट फॉर एव्हरेस्ट, १९२४' हे ते तीन ग्रंथ होत. त्यांच्याकडे दोन दृष्टींनी पाहण्याचा प्रघात आहे. एक दृष्टी वीरपूजेची. तिला या ग्रंथांत केवळ धैर्य आणि आत्मबलिदान दिसते. दुसरी दृष्टी साम्राज्याच्या टीकाकाराची. तिला केवळ सत्तेचा दर्प दिसतो. दोहोंतही तथ्यांश आहे. परंतु ग्रंथ कसा रचला आहे, त्यातील निवेदक कोण आहे आणि तो कोणाच्या वतीने बोलतो, हे प्रश्न दोन्ही दृष्टी मागे ठेवतात. वस्तुतः या ग्रंथांचे मर्म त्यांतील 'आम्ही' या एका सर्वनामात आहे. ते कोठे विस्तारते, कोठे आकुंचन पावते आणि कोठे भंगते, हे पाहिल्यावाचून त्यांचे मूल्यमापन पुरे होऊ शकत नाही.

या मोहिमांचे सूत्रचालन रॉयल जिऑग्राफिकल सोसायटी आणि अल्पाइन क्लब या दोन संस्थांच्या संयुक्त समितीकडे होते. ग्रंथही संयुक्तच आहेत : प्रमुखाने मोहिमेचे वृत्त लिहावे, चढाई करणाऱ्यांनी आपापल्या चढाईची प्रकरणे लिहावीत आणि शास्त्रज्ञांनी परिशिष्टे जोडावीत, अशी त्यांची घडण आहे. तीन शीर्षके क्रमाने वाचली तर टेहळणी, हल्ला आणि झुंज असा लष्करी चढता क्रम लागतो. मोहिमेतील अनेक सभासद नुकतेच महायुद्धातून परतलेले होते. त्यांच्या भाषेत ही परिभाषा सहज आली असेल. तथापि तिचा एक परिणाम असा की, पर्वत हा शत्रू ठरतो, चढणारे हे सैनिक ठरतात आणि ओझी वाहणारे हे रसदीचे अंग ठरतात. सैनिकाच्या मृत्यूला युद्धकथेत जे स्थान असते, ते रसदीच्या माणसाच्या मृत्यूला नसते.

ग्रंथांची रचनाही याच दिशेने जाते. दार्जिलिंगहून निघून तिबेटच्या पठारावरून रोंगबुकपर्यंतचा प्रवास सांगताना 'आम्ही' मोठा आहे. त्यात माणसे, जनावरे, दुभाषे, सर्वच येतात. छावण्या जसजशा उंच जातात तसतसा तो लहान होतो. अखेरच्या चढाईत तो दोघातिघांपुरता उरतो. शिखराचा आकार जणू वाक्यरचनेतही उतरतो. ही केवळ निवेदनाची सोय नव्हे, कारण अखेरची छावणी ज्यांच्या पाठीवरून वर गेली ती माणसे त्या छावणीपर्यंत प्रत्यक्ष आलेली असतात. वृत्तात मात्र ती वाटेतच मागे पडतात.

या रचनेची खरी कसोटी ७ जून १९२२ या दिवशी लागली. नॉर्थ कोलच्या उतारावर मॅलरी, सॉमरवेल आणि क्रॉफर्ड हे तीन इंग्रज आणि चौदा भारवाहक असे सतरा जण दोरांनी बांधून चढत असता बर्फाचा थर निसटला. पहिल्या दोरावरचे तिघे इंग्रज आणि एक भारवाहक वाचले. त्यांच्या खालच्या दोरावरील चौघेही वाचले. उरलेले नऊ जण बर्फाच्या कड्यावरून हिमभेगेत फेकले गेले आणि त्यांपैकी सात जण मरण पावले. अधिकृत ग्रंथात हा प्रसंग मॅलरीने लिहिला आहे. प्रथम येतो तो त्याच्या स्वतःच्या देहाचा अनुभव : पायाखालचा थर सरकणे, बर्फाखाली गाडले जाणे, पुन्हा मोकळे होणे. इतरांवर काय ओढवले ते वाचकाला नंतर कळते. मग बर्फाची परीक्षा कशी केली होती आणि निर्णय कोणत्या आधारावर घेतला होता, याचे विवेचन येते. शोक खरा आहे, परंतु निर्णयाचा हिशेब मांडणाऱ्या अहवालाच्या चौकटीत तो बसवलेला आहे.

त्याच मॅलरीच्या खासगी पत्रांत ही चौकट नाही. तेथे तो चूक स्वतःकडे घेतो आणि या माणसांच्या सुरक्षिततेचे उत्तरदायित्व आपले होते असे मानतो. सॉमरवेल पुढे त्रावणकोरातील नेय्यूर येथे मिशनरी शल्यवैद्य झाला. 'आफ्टर एव्हरेस्ट' हे त्याचे आत्मकथन १९३६ साली प्रसिद्ध झाले. त्यात तो याहून पुढे जातो : मृतांत एकही इंग्रज नव्हता याचीच त्याला टोचणी लागलेली आहे; एखादा असता तर धोका सर्वांनी सारखाच वाटून घेतला होता हे त्या माणसांना दिसले असते, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. एकाच घटनेची ही तीन कथने शेजारी ठेवली की, अधिकृत ग्रंथात जे आले नाही ते लेखकांच्या मनातच नव्हते, असा निष्कर्ष काढता येत नाही. अडसर संवेदनेचा नव्हता, प्रकाराचा होता. अहवालातील 'आम्ही'ला अपराध कबूल करता येत नाही. तो करायला 'मी' लागतो.

१९२४ च्या ग्रंथात या 'आम्ही'ला तडा गेलेला दिसतो. नॉर्थ कोलवर अडकून पडलेल्या चार भारवाहकांना उतरवण्यासाठी नॉर्टन, सॉमरवेल आणि मॅलरी यांनी आपली शक्ती पणाला लावली. त्यामागे १९२२ ची आठवण स्पष्ट आहे. याहून लक्षणीय प्रसंग ३ जूनचा आहे. वरची छावणी उभारण्यासाठी थकलेल्या माणसांची मनधरणी करताना नॉर्टनने त्यांना सांगितले की, शिखर सर झाले तर या पराक्रमाच्या ग्रंथात तुमची नावे सुवर्णाक्षरांनी लिहिली जातील. नोर्बू यिशांग, ल्हाक्पा छेदी आणि सेमचुंबी हे तिघे २६,८०० फुटांपर्यंत ओझी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी नॉर्टन २८,१२६ फुटांवरून परतला. शिखर सर झाले नाही. अट पुरी झाली नसतानाही त्याने ती नावे ग्रंथात नोंदवली, ही त्याची सचोटी होय. परंतु या प्रसंगात ग्रंथ हा कथेचा साक्षी न राहता व्यवहाराचा भाग होतो. नाव हे मजुरीवरचे बक्षीस ठरते, आणि तेही अशा भाषेत छापले जाणारे, जी घेणाऱ्याच्या वाचनाची नव्हती.

त्याच मोहिमेत चौघांचा मृत्यू झाला. ८ जून रोजी शिखराकडे जाताना ओडेलच्या दृष्टीस पडून नाहीसे झालेले मॅलरी आणि अर्व्हिन आख्यायिकेचे विषय झाले. मॅलरीचा देह १९९९ साली सापडल्यानंतरही ती आख्यायिका ओसरली नाही. शमशेरपुन आणि मानबहादूर यांचे मृत्यू मात्र वृत्तातील नोंदीपुरते राहिले. तळछावणीवर उभारलेल्या स्मारकाच्या दगडांवर तिन्ही मोहिमांतील मृतांची नावे एकत्र कोरण्यात आली होती. जी समता दगडाला साधली, ती कथेला साधली नाही.

या कथेला दुसरी बाजू होती, याचाही पुरावा उपलब्ध आहे. रोंगबुक मठाचे प्रमुख लामा झातुल रिंपोचे यांनी आपल्या तिबेटी आत्मचरित्रात १९२२ च्या पाहुण्यांची नोंद केली आहे. इतक्या निरर्थक कार्यासाठी इतके क्लेश सोसणाऱ्यांविषयी त्यांना करुणा वाटली. तेथे वीररस नाही आणि द्वेषही नाही. मोजमापच निराळे आहे. शेर्पांचा स्वतःचा स्वर छापील ग्रंथात येण्यास आणखी तीन दशके जावी लागली. आंग थारके यांच्या आठवणी १९५४ साली फ्रेंचमध्ये आणि तेनसिंग यांचे आत्मकथन १९५५ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाले. दोन्ही दुसऱ्याच्या लेखणीने उतरलेली.

म्हणून या तीन ग्रंथांचा गौरव करणे किंवा त्यांना दोषी ठरवणे, यांपैकी एकच मार्ग अभ्यासकापुढे नाही. त्यांचे वाङ्मयीन मोल जेथे निवेदन ठाम आहे तेथे नसून, जेथे ते आपल्याच प्रकाराच्या मर्यादेवर अडखळते तेथे आहे : ७ जूनच्या प्रकरणात आणि ३ जूनच्या वचनात. हे ग्रंथ पत्रे, आत्मकथने आणि मठातील नोंद यांच्यासह वाचले, तरच त्यांतील 'आम्ही' कोणाच्या खांद्यावर उभा होता हे कळते.