पट कोणाचा?

डावपेचांच्या व्हिडिओ गेमचा इतिहास बहुधा कंपन्यांच्या नावाने सांगितला जातो. तो अपुरा आहे. १९९८च्या ‘स्टारक्राफ्ट’सोबत नकाशे रचण्याचे साधन मिळाले. त्यातून हौशी खेळाडूंनीच ‘एऑन ऑफ स्ट्राइफ’ घडवला: अख्ख्या सैन्याऐवजी एकच वीर हाताळायचा. २००३चा ‘डोटा’ही ‘वॉरक्राफ्ट ३’वर असाच उभा राहिला. २००९च्या ‘लीग ऑफ लेजेंड्स’पासून मात्र नियमांची किल्ली कंपनीकडे गेली.

ढाणकीसारख्या गावी हा प्रकार आला तो मुख्यतः मोबाइलवर. जून २०२०मध्ये ‘मोबाइल लेजेंड्स’वर बंदी आली आणि एका आदेशाने पटच उचलला गेला. ओट्यावर खडूने आखलेला वाघ-बकरीचा पट पुसला तरी पुन्हा आखता येतो. खेळ देखणा झाला. पण तो घडवणारा खेळाडू आता नुसता गिऱ्हाईक उरला.