हसलो म्हणजे माफ केलं का? ‘बफी’तला विनोद आणि नीतीचा हिशेब

मंडळी, आज आपण ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ या अमेरिकन मालिकेकडे वळतो आहोत. मार्च १९९७ ते मे २००३, सात सीझन, १४४ भाग. कॅलिफोर्नियातलं सनीडेल नावाचं काल्पनिक गाव, गावातल्या शाळेखाली नरकाचं तोंड आणि व्हॅम्पायर मारण्यासाठी निवडली गेलेली बफी समर्स ही शाळकरी मुलगी. ज्यांनी पाहिली नाही त्यांना आधीच सांगून ठेवतो, आज शेवटापर्यंतचं सगळं उघड होणार आहे.

या मालिकेच्या चाहत्यांमध्ये एक वाद अजून संपलेला नाही. इथे लोक दर आठवड्याला मरतात आणि दर आठवड्याला आपण हसतोही. मग हे हसू मालिकेच्या नीतीला भोकं पाडतं का? एक बाजू म्हणते, हो, जो आपल्याला हसवतो त्याचे खून आपण विसरतो. दुसरी बाजू म्हणते, रोज मरण पाहणाऱ्या पोरांनी विनोद करायचा नाही तर काय करायचं? आमच्या मते दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर आहेत. उरलेलं अर्धं उत्तर मालिकेनंच एका भागात दिलंय. तिथे पोचायला जरा वळसा घेऊ.

सुरुवातीला मालिकेचा नियम सोपा आहे. व्हॅम्पायरला आत्मा नसतो, म्हणून त्याला मारणं हा खून नव्हे. लाकडी खुंटा छातीत घातला की समोरचा धूळ होतो. रक्त नाही, प्रेत नाही, रडणारे नातेवाईक नाहीत. म्हणून बफी मारता मारता कोट्या करू शकते आणि आपण निर्धास्त हसू शकतो. विनोदाला जागा त्या धुळीनं करून दिलेली आहे. तिसऱ्या सीझनमध्ये दुसरी स्लेयर फेथ चुकून उपमहापौराला खुंटा मारते. तो माणूस असतो. तो धूळ होत नाही, त्याचं रक्त हाताला लागतं. त्या क्षणी कोट्या बंद पडतात. म्हणजे मालिकेला स्वतःची सीमारेषा पक्की माहीत होती.

ती रेषा खरी पुसट केली ती स्पाइकनं. दोन स्लेयर मारलेला हा व्हॅम्पायर. चौथ्या सीझनमध्ये सरकारी प्रयोगशाळेत त्याच्या डोक्यात चिप बसवतात, माणसाला इजा करायला गेला की डोक्यात कळ. तेव्हापासून तो विनोदाचा विषय होतो. खुर्चीला बांधलेला स्पाइक, झँडरचे ढगळ कपडे घातलेला स्पाइक. त्याला अजून आत्मा नाही, पश्चात्ताप नाही, फक्त दात काढून घेतलेत. तरी आपण त्याला घरातला मानू लागतो. का? तर तो मजा आणतो. मग मे २००२ मध्ये सहाव्या सीझनच्या एका भागात तोच बफीवर बलात्काराचा प्रयत्न करतो. चाहत्यांत उभी फूट पडली. कुणी म्हणालं, आमच्या आवडत्या पात्राचा घात केला. कुणी म्हणालं, तो असाच होता, तुम्ही हसत होतात म्हणून दिसलं नाही. सीझनच्या शेवटी तो आत्मा परत मिळवतो, पण वाद मिटत नाही.

त्याच सीझनमध्ये तीन नवे खलनायक येतात. वॉरन, जोनाथन आणि अँड्र्यू. ‘स्टार वॉर्स’च्या बाहुल्या जपणारी, गाडीवर डेथ स्टार रंगवणारी, जग जिंकायच्या कामांची फळ्यावर यादी करणारी तीन टाळकी. पहिले काही भाग आपण त्यांना हसतो आणि बफीही त्यांना फारसं मोजत नाही. मग तेरावा भाग येतो. त्यांनी एक यंत्र बनवलंय, ज्यानं कुठल्याही बाईला आज्ञाधारक करता येतं. वॉरन ते आपल्या जुन्या मैत्रिणीवर, कत्रीनावर चालवतो. तिघांच्या थट्टामस्करीत आपण अजून हसायच्याच बेतात असतो. तेवढ्यात ती शुद्धीवर येते आणि त्यांच्या तोंडावर सांगते की हा बलात्कार आहे. जोनाथन आणि अँड्र्यूचे चेहरे पाहा. आपण खेळत नव्हतो हे त्यांना तेव्हा कळतं. पुढच्या काही मिनिटांत वॉरन तिला ठार मारतो. तुमचा होतो खेळ पण आमचा जातो जीव, असं आपल्याकडे म्हणतात. कत्रीनाच्या तोंडी दुसरं काय आहे? गंमत अशी की ती बोलेपर्यंत आपणही खेळणाऱ्यांच्या बाजूला बसलेले होतो.

आता मुद्द्याचं पात्र, अँड्र्यू. सातव्या सीझनमध्ये तो जोनाथनला भोसकतो. समोर मेलेल्या वॉरनचं रूप घेतलेली दुष्ट शक्ती त्याला भरीस पाडते, पण सुरी त्याच्याच हातात असते. मरण्याआधी जोनाथन काय बोलत असतो? शाळेतल्या ज्या मुलांना आपण आठवतही नसू, त्यांचं भलं व्हावं असं त्याला वाटत असतं. आणि यानंतर अँड्र्यू काय होतो? बफीच्या घरातला कैदी, मग पाहुणा, मग विदूषक. प्रेक्षक त्याच्यावर खूश. पहिल्या बाजूचा मुद्दा इथे सिद्धच झाला म्हणा ना!

पण फेब्रुवारी २००३ मधला ‘स्टोरीटेलर’ हा भाग पाहा. पटकथा जेन एस्पेन्सनची. अँड्र्यू कॅमेरा घेऊन घरभर फिरतो, माहितीपट काढतो. त्याच्या डोक्यात तो खुर्चीत ऐटीत बसलेला सूत्रधार असतो, न्याहारी करणाऱ्या बफीचे केस वाऱ्यावर उडत असतात. आपण पोट धरून हसतो. जोनाथनच्या खुनाची गोष्टही तो सांगतो, दर वेळी थोडी वेगळी, दर वेळी थोडी कमी दोषाची. इथे आपल्या ध्यानात येतं की विनोदी सांगणं हीच त्याची पळवाट आहे. शेवटी बफी त्याला जिथे खून झाला तिथेच उभं करते, सुरी काढते आणि आता तुझं रक्त सांडावं लागेल असं भासवते. गोष्टी संपतात. मी मारलं, हे तो कबूल करतो. त्याचे अश्रू खाली पडतात आणि नरकाचं दार शांत होतं. भागाच्या अखेरीस तो कॅमेरा स्वतः बंद करतो.

आमचं म्हणणं इथून निघतं. विनोद नैतिक की अनैतिक, हा प्रश्नच नीट विचारलेला नाही. विचारायचं ते असं: या विनोदात मेलेल्याला जागा आहे का? ‘स्टोरीटेलर’मध्ये प्रत्येक हसण्यामागे जोनाथन उभा आहे आणि शेवटी तो पुढे येतो. स्पाइकच्या चिपवरच्या विनोदांत त्यानं मारलेलं कुणीच उभं नाही. म्हणून पहिलं हसू आपल्याला शहाणं करतं आणि दुसरं बेसावध. एकाच मालिकेत, बरेचदा त्याच लेखकांकडून, दोन्ही घडतं. सबंध मालिकेला एकच गुण देऊन मोकळे होणारे चाहते इथेच फसतात.

यावर कुणी म्हणेल, प्रेक्षकानं एवढा हिशेब ठेवायचा तर पाहायचं कधी? ठेवावा लागतो, कारण ही सवय पडद्यापुरती राहत नाही. गप्पांत रंग भरणाऱ्या माणसाचं वागणं आपण कसं खपवून घेतो ते आठवून पाहा. “तो तसाच आहे हो, मनानं चांगला आहे.” ज्याला त्रास झाला तो मात्र त्या बैठकीत नसतो.

शेवटच्या भागातलं एक छोटं दृश्य घेऊ. लढाई संपलीय, आन्या मेलीय. झँडर तिच्याबद्दल विचारतो. अँड्र्यू सांगतो, ती माझा जीव वाचवताना गेली. आपण पडद्यावर जे पाहिलं ते इतकं सरळ नव्हतं. म्हणजे अँड्र्यू पुन्हा गोष्टच रचतोय. पण या वेळी स्वतःला सोडवायला नव्हे, समोरच्याला उभं ठेवायला. आणि झँडर काय करतो? माझीच ती, नेहमीचा वेडेपणा, अशा अर्थाचा एक विनोद करतो, डोळ्यांत पाणी असताना. त्या विनोदात आन्या सगळीच्या सगळी आहे. तिथे आपणही हसतो, आणि कुणालाच विसरत नाही.

इथे थांबूया. प्रश्न असतील तर घेऊ.