प्राध्यापकांच्या कार्यशाळा आणि कोसबाडचे शंखशिंपले

विषय जाहीर झाल्यावर काहींनी आम्हाला विचारलं, तत्त्वज्ञानाच्या माणसाने संगणक-प्रशिक्षणावर कशाला बोलायचं? बोलायचं, कारण या कार्यशाळांमध्ये संगणकाबद्दल पुष्कळ बोललं जातं आणि शिकवण्याबद्दल फारच कमी. शिकवणं हा उद्योग आम्ही तीसहून अधिक वर्षं केला आहे, तेव्हा तेवढा अधिकार आम्हाला असावा.

ही व्यवस्था उभी कशी राहिली ते आधी पाहू. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजं काढली. कल्पना चांगली होती. शाळेतल्या मास्तरांना डी.एड., बी.एड. करावं लागतं, पण प्राध्यापकाला शिकवायचं कसं हे कोणीच शिकवत नाही. ती उणीव भरून काढायची होती. पुढे त्यांची मानव संसाधन विकास केंद्रं झाली आणि २०२३ मध्ये मालवीय मिशन आलं. पाट्या बदलल्या. मधल्या काळात एक गोष्ट मात्र घट्ट झाली, ती म्हणजे ओरिएंटेशन, रिफ्रेशर, एफडीपी यांची प्रमाणपत्रं बढतीला जोडली गेली. औषध घेतल्याचा दाखला मिळाला की ते पोटात गेलं की नाही हे मग कोण बघतो?

तंत्रज्ञानाच्या कार्यशाळेत काय चालतं हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी अनुभवलंय. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ. मग गूगल क्लासरूम कसं उघडायचं, क्विझ कशी बनवायची, आणि आता चॅटजीपीटीला प्रश्न कसा विचारायचा. साधनव्यक्ती झरझर कळा दाबत पुढे जाते, मागच्या रांगेतून ‘सर, जरा मागे घ्या’ असा आवाज येत राहतो. शेवटी अभिप्रायाची लिंक. ती भरल्याशिवाय प्रमाणपत्र नाही, त्यामुळे अभिप्राय उत्तमच असतो! २०२०च्या टाळेबंदीत तर वेबिनारांचा असा पूर आला, की सकाळी एक आणि दुपारी एक प्रमाणपत्र घेणारे लोक आम्ही पाहिले.

यात चुकतं कुठे? कार्यशाळा ‘कसं’ शिकवते, ‘कशासाठी’ हा प्रश्न तिच्या वेळापत्रकातच नसतो. ॲरिस्टॉटलने कौशल्य आणि व्यवहारातला विवेक यांत फरक केला होता. तरुण माणूस भूमितीत प्रवीण होऊ शकतो, पण विवेक त्याला इतक्या लवकर येत नाही, कारण विवेकाला समोरच्या विशिष्ट परिस्थितीची ओळख लागते, असं त्याचं म्हणणं. कौशल्य आठवड्यात देता येईल. पण तलासरीच्या वर्गात ते केव्हा वापरायचं आणि केव्हा बाजूला ठेवायचं, हे दुसरीकडून आलेली साधनव्यक्ती कशी सांगणार?

‘कशासाठी’ न विचारल्याची किंमत मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये मोजली. डहाणू-तलासरीची महाविद्यालयंही याच विद्यापीठाला जोडलेली. त्या उन्हाळ्यातल्या सगळ्या उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायचं ठरलं. उत्तरपत्रिका १७ लाखांच्या आसपास. अध्यापकांना घाईघाईने प्रशिक्षण दिलं गेलं, लॉग-इन कसं करायचं, गुण कुठे टाकायचे वगैरे. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल रखडले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावं लागलं. पुढच्या प्रवेशासाठी ताटकळलेल्या मुलांना यातून काय मिळालं? उत्तरपत्रिका तपासताना परीक्षक नेमकं काय करतो, मागचं पान पुन्हा का उलटतो, एका मुलाचं उत्तर वाचून आधीच्या मुलाचे गुण का बदलतो, हा विचार आधी व्हायला हवा होता. तो झाला असता तर एकदम सगळ्या विद्याशाखांना हात घालण्याचं धाडस कोणी केलं नसतं असं आम्हाला वाटतं.

आता याच तालुक्यातली एक जुनी गोष्ट. १९४५ साली, म्हणजे तलासरीजवळ झरीला गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली उठले त्याच वर्षी, ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाई मॉन्टेसरी पद्धतीच्या. त्या काळी मॉन्टेसरीची साधनं म्हणजे अद्ययावत शैक्षणिक तंत्रज्ञानच होतं, लाकडी, घोटीव, मापात बनवलेलं आणि महाग. ती पेटी पाड्यावर नेऊन ‘हे असं वापरा’ अशी कार्यशाळा त्यांना घेता आली असती. त्यांनी विचारलं, हे साधन मुलाच्या हाताला, डोळ्याला, बुद्धीला काय करायला लावतं? उत्तर मिळाल्यावर तेच काम त्यांनी शंखशिंपले, बिया, खडे, पानं यांच्याकडून करून घेतलं. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडी पाड्याच्या अंगणात गेली. आज देशभर चालणारा ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा झाली. तत्त्व राखलं, साधन बदललं. आमच्या कार्यशाळांमध्ये साधन जसंच्या तसं येतं आणि तत्त्व मात्र वाटेत कुठेतरी उतरून जातं.

तुम्ही म्हणाल, बालवाडीची तुलना पदवीच्या वर्गाशी कशी करता? करू या. तलासरीला गोदावरी परुळेकरांच्याच नावाचं महाविद्यालय आहे. या भागातला मुलगा घरी वारली किंवा धोडिया बोलतो, शाळेत मराठी शिकतो, आणि विज्ञान शाखेत गेला की अचानक जाडजूड इंग्रजी पुस्तक समोर येतं. पाऊस संपला की इथली कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर, बांधकामावर, बोटीवर जातात. मुलगा बरोबर गेला तर नोव्हेंबरपासूनचा वर्ग त्याला मुकला. अशा मुलाला क्विझचं रंगीत पान काय कामाचं? पण प्राध्यापकाने स्वतःच्या आवाजात, मराठीत, दहा मिनिटांत एक मुद्दा समजावला आणि ती छोटी फाइल व्हॉट्सॲपवर पाठवली, तर रेंज मिळेल तिथे मुलगा ती उतरवून घेईल आणि भट्टीवर रात्री ऐकेल. म्हणजे आमचं भांडण यंत्राशी नाहीच.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचं आम्हाला कौतुक वाटतं ते याचसाठी. एकट्याने शिकणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून त्यांचे पाठ लिहिलेले असतात. पडद्यावर सॉफ्टवेअर इंग्रजीत, कानावर आवाज मराठीत, आणि पाठ थांबवून शेजारीच करून बघायचं. इंटरनेटशिवायही ते चालतात. तिथे आधी शिकणारा ठरला आणि साधन त्याच्यामागून आलं.

मालवीय मिशनचे आठ विषय ठरलेले आहेत. त्यांत माहिती-तंत्रज्ञान हा एक, आणि विद्यार्थ्यांमधलं वैविध्य व समावेशक शिक्षण हा दुसरा. दोन कप्पे, दोन वेगळी व्याख्यानं. तलासरीत मात्र तो एकच प्रश्न आहे. घरी एकच फोन, तोही बापाबरोबर कामावर गेलेला, अशा मुलीला प्रकल्प ‘अपलोड’ करायला सांगणं हा तंत्रज्ञानाचा प्रश्न की समावेशाचा?

म्हणून आमची एक सूचना आहे. तिला आयोगाची परवानगी लागेल असं वाटत नाही. डहाणू, बोर्डी, तलासरी इथल्या अध्यापकांनी आपसांत एक कार्यशाळा घ्यावी. साधनव्यक्ती बाहेरून बोलावू नये. पहिला दिवस लॅपटॉप बंद. आपली मुलं गेल्या सत्रात नेमकी कुठे अडली, असा एकेक मुद्दा प्रत्येकाने आणावा, रसायनातला मोल, अर्थशास्त्रातली लवचिकता, असं काहीही. ज्यांना अडलं त्यांतल्या दोनतीन विद्यार्थ्यांनाही बोलवावं आणि त्यांच्याकडून ऐकावं. दुसऱ्या दिवशी, यातल्या कशाला यंत्राची मदत होईल ते बघावं. काहींना होणार नाही. ते मुद्दे फळ्यावरच बरे. प्रमाणपत्र द्यायचं की नाही ते प्राचार्यांनी ठरवावं. तारीख तेवढी दिवाळीच्या आधीची धरा, म्हणजे ती मुलं अजून गावात असतील.