भालू, बाळू आणि अस्वल

रुडयार्ड किपलिंगने ‘द जंगल बुक’ १८९४ साली प्रसिद्ध केलं. ते त्याने लिहिलं अमेरिकेत, व्हरमाँटच्या थंडीत. गोष्टीतलं जंगल मात्र सिवनीचं. जबलपूरहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की दीडशे किलोमीटरच्या आत सिवनी येतं, आणि मोगली जिच्या काठी वाढला ती वैनगंगा त्याच जिल्ह्यात उगम पावून पुढे महाराष्ट्रात, भंडारा-गडचिरोलीकडे उतरते. किपलिंगने हा मुलूख स्वतः पाहिला नसावा असंच अभ्यासक मानतात. रॉबर्ट स्टर्नडेलने १८७७ साली सिवनी आणि सातपुड्यातल्या मुक्कामांवर एक पुस्तक लिहिलं होतं, ते त्याच्या हाताशी होतं.

अधारतालात आमच्यापर्यंत मोगली पोचला तो मात्र या सरळ रस्त्याने नाही. जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने किपलिंगवरून ५२ भागांची मालिका केली. ती १९८९-९० मध्ये टीव्ही टोकियोवर दाखवली गेली. तिला हिंदीत आवाज दिले गेले आणि १९९३ मध्ये ती दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागू लागली. सिवनीचा पोरगा व्हरमाँट आणि टोकियो करून जबलपुरात आला. या प्रवासाचा शेवटचा टप्पा, म्हणजे ते हिंदी डबिंग, मी गेली काही वर्षं शोधतो आहे. शीर्षकगीत कोणीही गुणगुणून दाखवतं. पण सगळे भाग, त्या वेळच्या आवाजात, ओळीने ऐकायचे म्हटलं की हाताला तुकडेच लागतात.

बीबीसीने साठच्या दशकातले ‘डॉक्टर हू’चे कितीतरी भाग टेपा पुन्हा वापरण्यासाठी पुसून टाकले. चित्र गेलं. पण त्या काळच्या चाहत्या पोरांनी दूरचित्रवाणी संचासमोर टेपरेकॉर्डर ठेवून आवाज धरून ठेवले होते, म्हणून हरवलेल्या प्रत्येक भागाचा ध्वनी आज आहे. डबिंगचं नेमकं उलटं होतं. चित्र मूळ निर्मात्याकडे सुखरूप असतं. संगीत आणि पंजांचे, पानांचे, पाण्याचे आवाज एका वेगळ्या ध्वनिपट्ट्यावर असतात, तेही तिकडेच. नव्या भाषेतले संवाद तेवढे इथे तयार होतात. प्रक्षेपणाच्या हक्कांची मुदत संपली की त्या संवादांवर कोणाचं लक्ष राहत नाही. मालिका हरवली असं जगात कोणीच म्हणणार नाही, कारण ती हरवलेलीच नसते. हरवतं ते फक्त ती ज्या भाषेत आम्हाला माहीत होती ते रूप.

माझ्याकडे आज दोन वस्तू आहेत. कृषी विद्यापीठाच्या क्वार्टरमध्ये राहून गेलेल्या एका कुटुंबाकडून मिळालेली व्हीएचएस कॅसेट, तिच्यावर बुरशी धरलेली, अडीच भाग आणि मध्ये साबणाच्या जाहिराती. दुसरी, साधी ध्वनिफीत. कोणीतरी टीव्हीसमोर रेकॉर्डर ठेवून शीर्षकगीत आणि पुढची दहाएक मिनिटं उतरवली आहेत. त्यात शेरखान बोलत असताना मागून एक बाई मराठीत ओरडते, पोहे गार होतायत. समीक्षकाने असल्या गोष्टींनी पाघळू नये हे मला कळतं. तरीही मजकूर म्हणून ही दुसरी फीत मला जास्त मोलाची वाटते, कारण जबलपूरच्या मराठी घरात ही मालिका कोणत्या भाषांच्या गर्दीत ऐकली जात होती ते तिच्यात आहे.

आता त्या भाषांबद्दल. किपलिंगने प्राण्यांची नावं हिंदुस्थानीतून उचलली. भालूचा बलू केला, हाथीचा हाथीच ठेवला, चिलचं मूळ चील. लंडनच्या मुलाला ही विशेषनामं होती, गूढ आणि लांबची. हिंदीत मालिका आणणाऱ्यापुढे पेच असा की ही नावं घरी आली की नावं उरतच नाहीत. भालू नावाचा भालू, हाथी नावाचा हाथी. एखाद्या माणसाचं नाव ‘माणूस’ असावं तसं. जपानी मालिकेतही ती परकी नावंच होती. हिंदीत शिरताच त्यांचा परकेपणा गळून पडतो. मराठी घरात आणखी एक वळण. आमच्यासाठी तो प्राणी अस्वल, चील म्हणजे घार. त्यामुळे आम्हा मराठी पोरांना बलू हे पुन्हा विशेषनाम झालं, आणि तेही ओळखीचं, कारण ते कानाला ‘बाळू’ लागे. चुलत्यांपैकी एकाचं नाव बाळू असेल तर त्याचं काय होत असेल याची वाचकांनी कल्पना करावी.

शेरखानाची गंमत वेगळी. पुस्तकी हिंदीत शेर म्हणजे सिंह, वाघाला बाघ. पण आमच्याकडे जंगलातली माणसं वाघाला सर्रास शेरच म्हणतात. म्हणजे जबलपूरच्या कानाला किपलिंग बरोबर होता आणि दिल्लीच्या पाठ्यपुस्तकाला चूक. बघीराच्या बाबतीत तर भाषेने लिंगच बदललं आहे: रशियन भाषांतरात ते नाव स्त्रीलिंगी बसलं, आणि रोमान डेव्हिडोव्हच्या १९६७ ते ७१ मधल्या सोव्हिएत चित्रपटांत बघीरा मादीच आहे. इंग्रजी क्रियापद बघीरा नर की मादी ते सांगत नाही. हिंदी आणि मराठी क्रियापदाला ते पहिल्याच वाक्यात सांगावं लागतं. डबिंगचा लेखक हे निर्णय रोज घेतो, ओठांच्या हालचालीच्या मापात बसवून घेतो, आणि त्याची गणती भाषांतरकारांत होत नाही. (जपानी ॲनिमेशनमध्ये तोंडाची ठेवण बहुधा दोन-तीन चित्रांतच फिरते, म्हणून त्याला थोडी मोकळीक मिळते, एवढंच.) जपान्यांनीही आपल्या पदरचं घातलंच होतं. मोगलीचा सोबती किची हा तांबडा पांडा. हिमालयातलं जनावर सिवनीत काय करतं हे कृषी विद्यापीठातल्या कोणाला विचारायची माझी हिंमत झाली नाही.

या डबिंगचा सगळ्यात मोठा निर्णय म्हणजे शेरखानाला दिलेला नाना पाटेकरांचा आवाज. ‘परिंदा’तला अण्णा १९८९ चा, ‘प्रहार’ १९९१ चा. म्हणजे मोठ्यांना त्या आवाजाची धास्ती आधीच होती. मुलांना ती रविवारी सकाळी, आंघोळीच्या आधी मिळाली. फीत पुन्हा पुन्हा ऐकताना मला जाणवतं ते असं की हा वाघ गुरगुरत नाही, तो टोमणे मारतो. वाक्याच्या मध्येच थांबतो, शेवटचा शब्द तोडून टाकतो. भीती वाटते ती त्या थांबण्याची. आणि त्याच्या हिंदीला मराठी वळण आहे, जोरकस, व्यंजनांवर आपटणारं. आम्ही जबलपूरचे मराठी लोक नेमके याच्या उलट: आमची मराठी हिंदी वळणाची. ‘करून राहिला’, ‘येऊन राहिली’ असं बोलणाऱ्या घरात पडद्यावरचा सर्वांत ताकदवान प्राणी मराठी घाटाचं हिंदी बोलत होता. पुण्या-मुंबईच्या वाचकाला यात विशेष वाटणार नाही. शाळेत ‘ळ’ वरून चिडवल्या गेलेल्या पोराला विचारा.

हे डबिंग म्हणजे मूळ कलाकृतीची सावली, असं म्हणणाऱ्यांनी २०१६ कडे पाहावं. डिस्नेचा नवा ‘द जंगल बुक’ त्या वर्षी ८ एप्रिलला भारतात आला, अमेरिकेच्या आठवडाभर आधी. हिंदी आवृत्तीत इरफान खान, ओम पुरी, प्रियांका चोप्रा अशी मोठी नावं होती. पण शेरखान पुन्हा नाना पाटेकर. आणि गुलजारांनी लिहिलेलं, विशाल भारद्वाजांनी बांधलेलं ते जुनं शीर्षकगीत नव्याने ध्वनिमुद्रित करून प्रसिद्धीसाठी वापरलं गेलं. ते गाणं किपलिंगचं नाही, जपानी मालिकेचं नाही, डिस्नेचं तर नाहीच. एका अमेरिकन चित्रपटाला हिंदुस्थानात शिरताना एका जपानी मालिकेच्या हिंदी डबिंगचा परवाना घ्यावा लागला. ज्याला सावली म्हणायचं त्याच्याकडे इतका अधिकार कुठून येतो?

इंग्रजीचंही असंच एक प्रकरण आहे आणि ते जास्त बोलकं आहे. युगो साको हे जपानी दिग्दर्शक १९८३ मध्ये बी. बी. लाल यांच्या उत्खननावर माहितीपट करताना रामायणाच्या नादी लागले, आणि राम मोहन यांच्या साथीने त्यांनी ‘रामायण : द लीजंड ऑफ प्रिन्स रामा’ हा ॲनिमेशनपट केला, जानेवारी १९९३ मध्ये तो दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवला गेला. त्याचे मूळ संवाद इंग्रजीत आहेत, भारतीय कलाकारांच्या आवाजात: राम निखिल कपूर, सीता राएल पदमसी, रावण उदय मथान. संगीत वनराज भाटियांचं, संस्कृत गीतं वसंत देवांची. हे तेच वसंत देव, ज्यांनी तेंडुलकरांची नाटकं हिंदीत नेली. पुढे अमेरिकेत २००१ च्या सुमाराला हाच चित्रपट ‘द प्रिन्स ऑफ लाइट’ म्हणून निघाला, ब्रायन क्रॅन्स्टन राम आणि निवेदनाला जेम्स अर्ल जोन्स. इंग्रजीचं इंग्रजीत डबिंग! शब्द समजत नव्हते म्हणून हे झालं असं मला वाटत नाही. मुंबईच्या रंगभूमीवरची इंग्रजी ही लहान मुलांच्या देवाची भाषा म्हणून तिथे चालली नसावी.

आणि आपण तरी काय केलं? भारतातली एक पिढी हा चित्रपट जुन्या हिंदी डबिंगमधून ओळखते: अरुण गोविलांचा राम, अमरीश पुरींचा रावण, शत्रुघ्न सिन्हांचं निवेदन. २४ जानेवारी २०२५ रोजी तो नव्या झळाळीत चित्रपटगृहांत आला, तेव्हा मूळ इंग्रजीसोबत हिंदी, तमिळ, तेलुगूत आवाज नव्याने दिलेले होते. चित्राची रेघ न् रेघ उजळून घेतली. अमरीश पुरींचा रावण मात्र त्या उजळणीत नव्हता. नवे आवाज स्वच्छ आहेत, उच्चार निर्दोष. जुन्या रावणाच्या हसण्यात जो राजेपणा होता तो मला त्यांत सापडला नाही, आणि हे केवळ आठवणीचं लाड करणं नव्हे. दोन्ही लागोपाठ ऐकले तर कोणालाही कळेल. या चार भाषांत मराठी नव्हती, हेही जाता जाता.

मराठीचं हे न असणं मला जबलपुरात बसून जास्त टोचतं. १९५६ पर्यंत आम्ही आणि नागपूर एकाच प्रांतात होतो. प्रांत मोडल्यावर आमच्याकडे मराठी उरली ती स्वयंपाकघरात, गणपतीत आणि पुस्तकांच्या कपाटात. त्या कपाटात भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न होता. व्हर्नचा कॅप्टन आमच्याशी मराठीत बोलला, आणि कोणी बोलायला लावला तेही मुखपृष्ठावर छापलेलं होतं. भागवतांच्या अनुवादावर आज मतभेद होऊ शकतात, कारण पुस्तक समोर ठेवता येतं. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाला छापलेल्या पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांत पाठवाव्या लागतात. दूरचित्रवाणीवरून गेलेल्या शब्दाला असा कायदा नाही. म्हणून मोगलीच्या हिंदीवर वाद घालायचा तर आधी बुरशी पुसावी लागते.

या शोधात भेटलेल्या बहुतेकांना फक्त गाणं हवं असतं. भाग किती सापडले याची ते मोजदाद ठेवतात. संवाद कसे आहेत यावर बोलणारा क्वचित. मला त्यांचा राग नाही, त्यांच्या चिकाटीमुळेच जे आहे ते आहे. पण साहित्याच्या मासिकांनी या मजकुराकडे इतकी वर्षं पाठ फिरवावी हे काही बरं नाही. अनुवादावरच्या आपल्या परिसंवादांत रिल्के येतो, लोर्का येतो. ज्या अनुवादाने लाखो मुलांना रविवारी सकाळी जागेवर खिळवून ठेवलं, तो करणाऱ्याचं नाव कोणी विचारत नाही.

ते नाव मी माझ्या कॅसेटवर शोधलं. एका भागाचा शेवट तिच्यावर नाहीच, टेप संपलेली आहे. उरलेल्या दोन्ही भागांच्या शेवटी, टेप वाचवण्यासाठी, श्रेयनामावलीची पहिली ओळ वर सरकू लागताच कोणीतरी बटण दाबलं आहे.