पाळण्यातले पाय आणि निळे पुस्तक

सिडनीतल्या मराठी घरात पु. लं.ची पुस्तके असतात, ज्ञानेश्वरी असते. पण ज्याची पाने रात्री-अपरात्री धडधडत्या छातीने उलटली जातात ते पुस्तक वेगळेच. न्यू साउथ वेल्स सरकार प्रत्येक नवजात बाळाच्या आईवडिलांना देते ते निळे पुस्तक! (व्हिक्टोरियात ते हिरवे, क्वीन्सलँडमध्ये लाल.) त्यातल्या वाढीच्या तक्त्यांचे परीक्षण मराठीत कोणी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही, म्हणून हा प्रयत्न. मी डॉक्टर आहे तो अभियांत्रिकीचा, आणि पोट भरतो सॉफ्टवेअरवर. तेव्हा औषधपाण्याबद्दल बोलणार नाही. आकडे आणि आलेख यांच्याबद्दल मात्र बोलेन.

निमित्त घरचेच. आमची कन्या वर्षाची झाली तेव्हा तिचे वजन ७.१ किलो भरले. केंद्रातल्या सिस्टरने तक्त्यावर ठिपका दिला. तो बरोबर तळाच्या, तिसऱ्या पर्सेंटाइलच्या रेषेवर पडला. "वरचे दूध वाढवून पाहा," असा सल्ला मिळाला. घरात कोणी धड जेवले नाही. पुण्याहून आईचा फोन आला, "अरे, तू तरी कुठे गुटगुटीत होतास? काडी होतास नुसता!" तरी सौभाग्यवतींची झोप उडाली ती उडालीच. त्याच आठवड्यात एका मित्राने आपल्या चिरंजीवांचे ९७ पर्सेंटाइल अशा थाटात सांगितले, की जणू पोरगा बोर्डात आला!

इथे पहिला दोष आपलाच आहे. शंभरापैकी आकडा दिसला की आपल्याला दहावीचा निकाल आठवतो. तिसरा पर्सेंटाइल म्हणजे शंभरात तीन गुण नव्हेत. एकाच वयाच्या शंभर निरोगी मुली वजनाच्या क्रमाने उभ्या केल्या तर तिच्याहून हलक्या तिघी असतील, एवढाच त्याचा अर्थ. मुली कितीही धडधाकट असल्या तरी रांगेला शेवट हा असणारच.

आता तक्त्याकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली सुमारे ८,५०० मुले मोजली. अंगावर पिणारी, धूम्रपान न करणाऱ्या मातांची, सुस्थितीतली मुले मुद्दाम निवडली; भारतातली दक्षिण दिल्लीची होती. त्यावरून २००६ साली तक्ते निघाले आणि २०१२ साली ऑस्ट्रेलियातल्या राज्यांनी दोन वर्षांखालच्या मुलांसाठी ते स्वीकारायचे ठरवले. गणिताचा पाया ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ टिम कोल यांचा. प्रत्येक वयासाठी तीनच आकडे काढायचे: मध्य, पसारा आणि एका बाजूचा कल. त्यांतून सगळ्या रेषा उभ्या राहतात. वर्षाच्या मुलींचा मध्य ८.९ किलो, तिसरी रेषा ७.१ वर आणि सत्त्याण्णवावी ११.३ वर. काम देखणे आहे, यात शंका नाही.

माझा आक्षेप त्या रेषांच्या दिसण्याला आहे. त्या आगगाडीच्या रुळांसारख्या दिसतात. बाळ ज्या रुळावर आज आहे त्यावरूनच ते पुढे धावणार, असे पाहणाऱ्याला वाटते. वास्तविक प्रत्येक वयाची रांग लावून त्या त्या वयाचे बिंदू एकमेकांना जोडलेले आहेत. एका वयाचे वजन दुसऱ्या वयाच्या वजनाशी किती बांधलेले असते, हा भाकितासाठी सर्वांत महत्त्वाचा आकडा त्या पानावर नाहीच! हे बंधन पक्के नसते, म्हणून टोकाची मुले सरासरीने मध्याकडे सरकतात. गाल्टनने १८८६ साली आईबाप आणि मुलांच्या उंचीत हेच दाखवले होते. कोल यांनीही १९९५ साली, आधीचे वजन हिशेबात घेऊन वाढ तपासण्याचे वेगळे तक्ते मांडले. थोडक्यात, निळ्या पुस्तकातला तक्ता बाळाची आजची जागा सांगतो, उद्याचा रस्ता नव्हे. आपण मात्र तो जन्मपत्रिकेसारखा वाचतो. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे. एका ठिपक्यात ते खचित दिसत नाहीत.

आणखी एक गंमत. आमच्या प्रतीत दोन वर्षांनंतर तक्ता बदलतो आणि अमेरिकेतल्या पाहण्यांवर बेतलेला सीडीसीचा २००० सालचा तक्ता येतो. शिवाय तोवर आडवे निजवून मोजलेले मूल आता उभे राहते, आणि उभ्या मापात सुमारे ०.७ सेंटिमीटर कमी भरते. मूल तेच असते, फूटपट्टी बदलते, आणि आईबाप मात्र काळजीत पडतात.

मग "आपली मुले लहानच असतात" म्हणून तक्ता फेकून द्यावा काय? मुळीच नाही. त्या सहा देशांतल्या मुलांच्या लांबीतल्या एकूण फरकापैकी देशादेशांतला फरक जेमतेम ३ टक्के निघाला. लांबी खुंटत असेल तर वंशाकडे बोट दाखवून सुटका नाही.

वजनाची गोष्ट अधिक नाजूक आहे, आणि ती आपल्याच मातीतून पुढे आली. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांची इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना २००३ साली प्रसिद्ध केली. आपली बाळे सरासरी २.७ किलोंची, तिकडची ३.५ किलोंची. परंतु आपल्या बाळांत उणीव प्रामुख्याने स्नायूंची होती. त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. त्याआधी, १९९९ साली, पुण्याच्याच अभ्यासात दिसले होते की जन्मतः लहान आणि आठव्या वर्षी मोठी झालेली मुले मधुमेहाकडे नेणाऱ्या लक्षणांत सर्वांत पुढे होती. काट्यावर चरबी आणि स्नायू एकच. तेव्हा ठिपका वर चढवण्यासाठी कोंबून भरवणे हा आपल्या मुलांच्या बाबतीत निरुपद्रवी खेळ नव्हे.

म्हणून सांगणे इतकेच. ठिपके अनेक घ्या, वजनाबरोबर लांबीही पाहा, मूल खेळते-हसते का ते पाहा. सलग तपासण्यांत ते रेषा ओलांडून खाली येत असेल, तर मात्र आजीचा फोन पुरे नाही, डॉक्टरांकडे जावेच. आम्हीही पुढचे तीन ठिपके होईपर्यंत दर वेळी गेलो. ते रेषेच्या कडेकडेने वर गेले.

कन्या आता दहा वर्षांची आहे आणि शाळेच्या रांगेत मधोमध उभी राहते. त्यावरून तक्ता हरला, असे मी म्हणणार नाही. एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही. एका ठिपक्यावरूनही होत नव्हते. ते मला त्या रात्री ठाऊक होते, तरीही मी सौभाग्यवतींना ते नीट समजावून सांगू शकलो नाही. हे परीक्षण इतक्या उशिरा लिहिण्याचे खरे कारण तेच.