अजिंठ्याच्या अनुकृती आणि कलाशिक्षणाचा प्रश्न

सांस्कृतिक वारशाचा अभ्यास व्यवसायशिक्षणाचे अंग कसा होऊ शकतो, याचे एकोणिसाव्या शतकातील बोलके उदाहरण म्हणजे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे अजिंठ्यातील कार्य होय. 1857 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेतील विद्यार्थ्यांनी 1872 ते 1885 या काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली तेथील भित्तिचित्रांच्या अनुकृती केल्या. त्यांच्यांत पेस्तनजी बोमनजी हेही होते.

या उपक्रमाचे श्रेय वादातीत आहे. मूळ चित्रांचे काही भाग पुढे नष्ट झाले असल्याने या अनुकृतींना आज कागदपत्राचे मोल आले आहे. लंडनला पाठविलेल्या अनुकृतींपैकी कित्येक 1885 च्या आगीत जळाल्या. तथापि ग्रिफिथ्स यांच्या 1896-97 मधील दोन खंडांमुळे अजिंठ्याची कला अभ्यासकांच्या हाती आली.

परंतु शिक्षण म्हणून या कार्याकडे पाहिले असता एक उणीव ठळकपणे जाणवते. अजिंठ्याची चित्रे मातीच्या गिलाव्यावर, पातळ चुन्याच्या लेपावर, खनिज रंगांत चिकट बंधक मिसळून रंगविलेली आहेत. अनुकृती मात्र कापडावर तैलरंगात उतरल्या. विद्यार्थ्याने रेषा, मुद्रा व रचना आत्मसात केली; भिंत कशी घडते, रंग तिला कसा धरून राहतो, हे त्याच्या हाताला शिकण्याचे कारणच पडले नाही. वारशाचे रूप शिकविले गेले, त्याची कृती नव्हे. हा भेद केवळ तात्त्विक नाही. चित्रे उजळ दिसावीत म्हणून त्यांवर चढविलेले वार्निश पुढे त्यांनाच बाधक ठरले. द्रव्याविषयीचे अज्ञान कलेच्या प्रेमातूनही हानी घडवू शकते, याचा हा दाखला होय.

1891 मध्ये सुरू झालेल्या रे कार्यशाळांनी काष्ठकाम, धातुकाम इत्यादी कारागिरीस स्थान दिले, हे खरे; किंतु कारागिरीचा वर्ग आणि चित्रकलेचा वर्ग वेगळे राहिल्याने हाताचे ज्ञान व इतिहासाचे ज्ञान यांची सांगड पडली नाही. ही फारकत मिटविल्यावाचून कोणताही वारसाभ्यासाचा व्यवसायक्रम पूर्ण होणार नाही. जो विद्यार्थी चित्राचा काळ सांगू शकतो, त्याने गिलावाही कालवून पाहिला पाहिजे. आणि जो गिलावा कालवितो, त्याला चित्राचा काळ ठाऊक असला पाहिजे.