वृषभोल्लंघन आणि वारली भिंत

क्रीट बेटावरील नोसॉसच्या राजप्रासादाचे उत्खनन आर्थर इव्हान्स यांनी १९०० साली आरंभिले. तेथील प्रसिद्ध भित्तिचित्रात एक जण धावत्या बैलाची शिंगे धरतो, दुसरा त्याच्या पाठीवर उलटा झाला आहे, तिसरा मागे हात पसरून उभा आहे. मोहेंजोदडोच्या एका मुद्रेवरही शिंगाळ पशूभोवती मानवाकृती विखुरलेल्या दिसतात. म्हणून तोच खेळ येथेही होता, असे अनुमान केले जाते. ते आम्हांस घाईचे वाटते.

दादरा-नगर हवेलीत, सिल्वासाच्या परिसरातील वारली भिंती पाहाव्यात. तांदळाच्या पिठाने काढलेल्या, दोन त्रिकोणांच्या त्या माणसांच्या पायांखाली बहुधा भूमिरेषा नसते. बैलाच्या वर काढलेला माणूस पुष्कळदा उडालेला नसून पलीकडे उभा असतो. ‘वर’ म्हणजे ‘दूर’, हा त्या चित्रभाषेचा संकेत होय.

ही चित्रे मुद्रेहून फार अलीकडची. त्यांवरून मुद्रेचा अर्थ ठरणार नाही. परंतु आकृतीची जागा म्हणजे कृतीची साक्ष नव्हे, एवढे खचित ठरते. नोसॉसच्या चित्रात हात शिंगांना भिडले आहेत. तेथे उडीचा अर्थ टिकतो. मुद्रेवरील माणसे उडी घेत आहेत, फेकली गेली आहेत की केवळ भोवती आहेत, हा प्रश्न अध्यापकांनी विद्यार्थ्यांपुढे खुलाच ठेवावा.